पाचच्या बातम्या

"साखर किती घालू, साहेब?"

"एकच. पण फीलीबाई, खरंच कशाला एवढं," असं म्हणत गॅफनीसाहेबांनी आपली फाईल कडेला सरकवली. सरकवावीच लागली. टेबलावर गव्हाचा घरचा पाव आला होता, लोणी आलं होतं, मागच्या उन्हाळ्यातला मुरंबा आला होता आणि लग्नात मिळालेल्या सेटमधल्या निळ्या काठाच्या कपबशा. त्या कपबशा एरवी फादर घरी आले तरच कपाटातून निघत.

"पावसातून आलात. गरम काहीतरी पोटात जाऊ दे," इमेल्डा फीली म्हणाली.

गॅफनी हे बेकारभत्त्याच्या कचेरीतले तपासनीस होते. साठीला टेकलेला, ओल्या कोटाचा, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, तो चांगला असल्याचं सांगितलं, आणि मग जरा ओशाळल्यासारखी फाईल पुन्हा पुढे ओढली.

"तर हा तुमचा फिंटन. वय बावीस. अर्जात म्हणतो की तो इथं राहत नाही. नदीकाठच्या गावात खोली घेऊन राहतो."

"राहतो की. पोरांना असते ना हौस, आपलं आपण राहायची."

"घरात काही भांडणतंटा?"

"छे हो. आमच्या घरात आवाज चढत नाही कुणाचा."

खिडकीबाहेर शेडचं दार अर्धवट उघडं होतं. साहेबांची गाडी फाटकात वळताना दिसली तसा डर्मट, तिचा नवरा, उठून त्या शेडमध्ये जाऊन बसला होता. तिथे त्याला काही काम नव्हतं. तीस वर्षं त्याने दलदलीतून जळणाची माती काढायचं यंत्र चालवलं. ते काम सरकारने बंद केलं तेव्हापासून त्याला कुठेच काम नव्हतं.

"रविवारी जेवायला येतो मुलगा?"

"येतो तर. त्याचं ताट असतंच मांडलेलं."

यातलं ताट तेवढं खरं होतं.

"त्याची खोली पाहिली तर चालेल?"

चालेल काय, तिला तेच हवं होतं. जिन्याने पुढे होऊन तिने दार उघडलं. एका माणसाचा पलंग, त्यावर पांढरी चादर, कोपरे असे घट्ट दुमडलेले की नाणं टाकलं तर उडावं. उशीवर घडी केलेला पायजमा. कोपऱ्यात हर्लिंग खेळायची काठी. दर शनिवारी ती ही चादर बदलत होती, आणि गेले सात आठवडे न मळलेलीच चादर धुवायला नेत होती.

"हॉटेलात नसते अशी," साहेब म्हणाले.

"नर्सिंग होमच्या लाँड्रीत आहे मी, एकोणीस वर्षं. चादरीचं मला कुणी शिकवायला नको."

खाली आल्यावर त्यांनी पेन काढलं, पण लगेच टेकवलं नाही. "एक प्रश्न विचारावाच लागतो, बाई. समजा उद्या त्यानं येऊन दार वाजवलं, म्हणाला मला राहायचंय. तर घ्याल घरात?"

"पोटचं पोर दारात उभं, आणि मी आत बसून राहू?" इमेल्डाचा चेहरा तापला. "कसली आई समजलात मला?"

गॅफनीसाहेब तिच्याकडे बघत राहिले. "घाई नाही. नीट विचार करून सांगा."

"यात विचार कसला करायचा?"

त्यांनी हळूच मान हलवली आणि लिहिलं. जाताना पावाची अर्धी लादी तिने कागदात गुंडाळून त्यांच्या हाती दिली. ती त्यांनी नको नको म्हणत घेतली, आणि गाडीत बसल्यावर जरा वेळ तशीच मांडीवर धरून ठेवली.

इमेल्डा मात्र खुशीत होती. सोयरीक पाहायला आलेली माणसं घर बघून समाधानाने परतावीत, तसं तिला वाटत होतं. सरकारचा माणूस आला, पोराचं घर बघून गेला. चांगल्या घरचा मुलगा आहे हे त्याला दिसलं. आता पोराचं काम अडायचं नाही.

*

बाराव्या दिवशी दुपारच्या सुटीत ती लाँड्रीच्या मागच्या अंगणात आली तर भिंतीवर फिंटन बसलेला. गालफडं वर आली होती. तिनेच घेतलेला कोट अंगात होता, तो आता खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता.

"आई, त्या माणसाला तू पाव खायला घातलास?"

"घरी आलेल्या माणसाला विचारायचं नाही का?"

"आणि माझी खोली दाखवलीस."

"स्वच्छ होती."

फिंटन हसला. तो हसला की बापासारखा दिसे. दोघांनाही हे सांगायची सोय नव्हती. "स्वच्छ होती. तिथंच तर घात झाला." त्याने खिशातून पत्र काढलं. "हे बघ. पंचवीसच्या आतल्याला सरकार कमी भत्ता देतं. उरलेलं आईबाप बघतील, त्यांच्या घरी ताट आहे, पलंग आहे, असं धरून चालतात. ज्याला खरंच घर नाही, जो आपला आपण राहतो, त्याला पूर्ण दर मिळतो, वर भाड्याला मदत. मी लिहून दिलं होतं की मला घर नाही. तू सांगितलंस की आहे. पलंगासकट."

इमेल्डाने पत्र घेतलं. अक्षरं दिसत होती, पण वाचवत नव्हती. खाली गॅफनीसाहेबांचं एक वाक्य उतरवलं होतं: मुलाला केव्हाही घरात घेण्याची आईची तयारी आहे.

"मला काय ठाऊक, रे. मला वाटलं, तुझं चांगलंच होईल."

"ठाऊक आहे मला ते."

"मग घरी ये. उगाच कशाला ती खोली आणि तो भत्ता."

"बाबा काही बोलले?"

तिने पत्राची घडी घातली.

"मग झालं तर," तो म्हणाला. "हे बघ, होड्यांच्या कारखान्यातला म्हातारा मला मेपासून हाताखाली घेतो म्हणालाय. लाकूडकाम शिकवेल. खोलीपासून चालत दहा मिनिटं. तोवर खोली टिकली पाहिजे एवढंच. मालकीण मार्चअखेरपर्यंत थांबते म्हणाली. नाही टिकली तर मग आहेच टोरोंटो. माझ्या वर्गातले अकरा जण तिथंच आहेत."

तिचे दोन भाऊ असेच तीन वर्षांसाठी गेले होते. एकाचं थडगं तिने फोटोत पाहिलं.

"मी अपील केलंय," फिंटन म्हणाला. "तुला यावं लागेल. खरं काय ते सांगायचं फक्त. बाबांनी काढलं, घरात जागा नाही."

"माझ्या तोंडानं सांगू?"

"दुसरं कोण सांगणार?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "तुझ्यावर राग नाही माझा. त्या दिवशीही नव्हता. तुला माहीतसुद्धा नसेल, त्या संध्याकाळी मी परत आलो होतो. मागचं दार वाजवलं. पण पाच वाजले होते, रेडिओवर मयताच्या बातम्या लागल्या असणार, आणि तू आवाज केवढा मोठा करतेस ते काय मला माहीत नाही? त्या वेळी आपल्या गावात घराला आग लागली तरी कुणी जागचं हलत नाही." तो पुन्हा हसला. "खोलीत पडलो ना, की तेवढंच मनात आणतो. आईला ऐकू आलं असतं तर तिनं उघडलं असतं."

अंगणात ओल्या चादरी फडफडत होत्या.

"हो," इमेल्डा म्हणाली. "आवाज मोठा होता."

*

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं हिने धरायची, दोन तिने. ताणायची, झटकायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं, पुन्हा जवळ यायचं. नोरीन आणि इमेल्डा एकोणीस वर्षं अशा जवळ येत होत्या आणि लांब जात होत्या, आणि त्या येण्याजाण्यात दोघींचे संसार एकमेकींना तोंडपाठ झाले होते.

"सांगून टाक ना," नोरीन म्हणाली. "डर्मटनं हाकललं म्हणावं. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला ठाऊक असणं वेगळं. मी म्हणणं वेगळं."

"तुझं नाक कापलं जाईल म्हणून पोराला टोरोंटोला धाडशील?"

इमेल्डाने टोकं जुळवली आणि लांब गेली. नाकाचं काही नव्हतं. नाक तिने त्याच दिवशी कापून दिलं असतं. नोरीनला सगळं ठाऊक होतं, एवढं एक सोडून.

तो नाताळचा दुसरा दिवस, संत स्टीफनचा. दुपारी थंड कोंबडीचं जेवण झालं होतं. कामाविना दोन माणसं एका चुलीपाशी आठ महिने बसून होती, आणि दोघांच्या पायांना तेवढी चूल पुरत नव्हती. डर्मट म्हणाला, माझ्या घरात आयतं बसून खाणारा नको. फिंटन म्हणाला, तुम्ही तरी बसण्यापलीकडे काय करता? एवढंच. हात कुणी उगारला नाही. डर्मट उठला, पोराचा कोट खुंटीवरून काढला आणि दाराबाहेर पायरीवर ठेवला. नीट घडी करून ठेवला. त्या घडीचंच तिला जास्त भय वाटलं.

दिवेलागणीला ती भांडी घासत होती. पाच वाजले, मयताच्या बातम्या लागल्या. जिल्ह्यात कोण गेलं, कुठल्या गावचं, घरी दर्शन किती वाजता, दफन कुठे. नेहमीप्रमाणे दोघांनी ऐकल्या. त्या दिवशी ओळखीचं कुणी नव्हतं. संपल्यावर तिने ओल्या हाताने बटण फिरवून रेडिओ बंद केला. घर असं शांत झालं की पाण्यातल्या फेसाचा आवाज येत होता.

आणि मागचं दार वाजलं.

बोटांनी दोनदा. ती वाजवण्याची तऱ्हा तिने ओळखली. शाळेतून आल्यापासून तो तसंच वाजवी. त्यांच्या घराचं मागचं दार कधी कुणी लावत नसे, पण त्या दिवशी डर्मटने वरची कडी लावली होती. कडी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. डर्मट चुलीपाशी, पाठ तिच्याकडे. तो म्हणाला, "राहू दे, इमेल्डा." ओरडला नाही. त्याचा आवाज चिरकला होता. आजवर तिने त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी तिला वाटलं, आपण दार उघडलं तर हा मोडेल. पोरगं तरणं आहे, ते कुठेही जाईल, उद्या परत येईल. उद्या उघडू.

तिसऱ्यांदा तळहाताने वाजलं. मग, "आई."

तिचे हात पाण्यात होते. पाणी निवत गेलं. दाराबाहेरच्या खडीवर पावलं वाजली, आधी जवळ, मग लांब, मग नाही.

तो उद्या आला नाही.

*

सुनावणीच्या दिवशी तिने निळा कोट इस्त्री केला. डर्मटला सांगितलं की लाँड्रीत जास्तीची पाळी आहे. त्याने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. ती दारापर्यंत गेल्यावर म्हणाला, "नदीकडचा रस्ता ओला असेल. सावकाश जा." लाँड्री नदीकडे नव्हती.

सुनावणी एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होती, लग्नाच्या जेवणावळी घालतात त्या दालनाला लागून. भिंतीपाशी सोनेरी खुर्च्यांची चळत, एका खुर्चीला कुणाच्या तरी लग्नातली गुलाबी फीत अजून बांधलेली. टेबलामागे अपील अधिकारी टिअर्नीबाई. चाळिशीच्या, चष्म्याच्या, थकलेल्या. त्यांनी दोघांना पाणी दिलं.

"फीलीबाई, तुम्ही तपासनिसांना सांगितलंत की मुलगा रविवारी जेवायला येतो."

"तो येत नाही. स्टीफनच्या दिवसापासून नाही आला."

"मग तसं का सांगितलंत?"

"परका माणूस होता. चहा घेत होता. त्याच्यापुढे काय काय मांडायचं?"

टिअर्नीबाईंच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. "त्याला घराबाहेर काढलंय?"

इमेल्डाने पाण्याचा घोट घेतला. "त्याच्या वडिलांनी."

"तुम्ही नाही."

"मी नाही."

"म्हणजे तुम्ही अजूनही त्याला घ्याल. तपासनिसांना तुम्ही हेच म्हणालात. 'पोटचं पोर दारात उभं', इथं लिहिलंय."

"नाही घेणार."

"बाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला दुखवायचं नाही मला. पण मुलाचा भत्ता अडलाय म्हटल्यावर कुठलीही आई इथं येऊन असं म्हणेल. मी तुमच्या दोन जबान्यांपैकी खरी कुठली धरू?"

"घेतलं नाही," इमेल्डा म्हणाली. "घेणार नाही म्हणजे, घेतलं नाही. तो आला होता. त्याच संध्याकाळी. दार वाजवलं होतं त्यानं."

शेजारी फिंटन चटकन पुढे वाकला. "ते तसं नाही, मॅडम. तिला ऐकू आलं नव्हतं. पाचच्या मयताच्या बातम्या चालू होत्या. आमच्याकडे ती वेळ म्हणजे... तुम्ही इकडच्याच आहात ना? मग तुम्हाला सांगायला नको."

"ठाऊक आहे," टिअर्नीबाई म्हणाल्या. "माझी आई ताटावरून उठून रेडिओपाशी उभी राहायची."

"तेच. तिच्या कानावर गेलंच नाही."

"गेलं असतं तर तिनं उघडलं असतं?"

"उघडलंच असतं," फिंटन म्हणाला.

टिअर्नीबाईंनी पेन उचललं. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण होती, गॅफनीसाहेबांच्या चेहऱ्यावर होती तशीच, आणि आता इमेल्डाला ती वाचता येत होती. पोरगं आईची बाजू राखत होतं, आणि त्यात त्याची खोली चालली होती, मे महिना चालला होता, नदीकाठचं लाकूड चाललं होतं. तो टोरोंटोच्या विमानाची एकेक पायरी चढत होता आणि त्याला वाटत होतं की आपण आईला सांभाळतोय.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"रेडिओ बंद होता," ती म्हणाली.

"आई."

"बातम्या होऊन गेल्या होत्या. मीच बंद केला. माझ्या या हातानं." तिने हात टेबलावर ठेवला, जणू पुरावा दाखल करावा. लाँड्रीच्या सोड्याने खाल्लेला लाल हात. "भांडी घासत होते. बोटांनी दोनदा वाजवलं त्यानं. मग तळहातानं. मग 'आई' म्हणाला."

"दाराला कुलूप होतं?"

"कडी. यांनी लावली होती."

"तुम्हाला निघाली असती?"

"निघाली असती. हातभर लांब होती."

"कुणी अडवलं तुम्हाला?"

इथे तिला एक वाट होती. डर्मटचं नाव घ्यायचं, आणि अर्धं ओझं त्याच्या पाठीवर द्यायचं. ती वाट तिने पाहिली.

"कुणी धरलं नव्हतं मला," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर कुणीतरी ताटं रचत होतं, त्याचा आवाज येत होता. टिअर्नीबाईंनी लिहायला सुरुवात केली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. फिंटनच्या हातात पाण्याचा कागदी पेला होता. त्याची कड तो नखाने उलगडत होता, गोल गोल, सावकाश, आणि कड पूर्ण उलगडली तेव्हा त्याला तो पेला कुठे ठेवावा ते कळेना.

"एवढं पुरे," टिअर्नीबाई म्हणाल्या. मग फाईल मिटत, "यायला तुम्हाला जड गेलं असेल."

*

बाहेर नुसती भुरभुर होती. हॉटेलच्या मागे तिची जुनी लाल गाडी. खोलीपर्यंत सोडते म्हणाली तर तो बरं म्हणाला. दोघं बसली. मागच्या सीटवर कागदात बांधलेला पाव होता. तिने तो त्याच्याकडे सरकवला, त्याने मांडीवर घेतला.

त्या गाडीत किल्ली फिरवली की रेडिओ आपोआप लागे. किती वाजलेत हे तिच्या ध्यानातच नव्हतं. किल्ली फिरली आणि गाडीभर तो सावकाश, कोरडा, वर्षानुवर्षांचा आवाज पसरला: अमुक गावचे पॅट्रिक टान्सी, राहत्या घरी, शांतपणे. त्यांच्या पश्चात...

इमेल्डाचा हात झटक्यात बटणाकडे गेला.

"राहू दे," फिंटन म्हणाला.

त्याने वाकून बटण फिरवलं, आवाज वाढवला. आणखी वाढवला. काचा थरथरायला लागल्या. त्या आवाजात कुणी काही बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं. नदीवरचा पूल गेला, धान्याची कोठारं गेली, नांगरलेल्या होड्या गेल्या. जिल्ह्यातली त्या दिवशीची सगळी मेलेली माणसं एकामागून एक त्यांच्यामधून गेली. प्रत्येकाचं गाव, दर्शनाची वेळ, फुलं नकोत, प्रार्थना हवी.

खोली एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानावर होती. तिने गाडी थांबवली. बातम्या अजून चालू होत्या. तो पाव घेऊन उतरला. दार लावण्याआधी खाली वाकला.

"जाताना सांभाळून जा, आई. रस्ता ओला आहे."

मग त्याने खिशातून किल्ली काढली. एकच किल्ली, सुतळीत ओवलेली. आपलं दार आपण उघडलं, आत गेला, दार लागलं. वरच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत ती थांबली. दिवा लागला. खिडकीशी कुणी आलं नाही.

*

निकाल अठरा दिवसांनी लागला. पूर्ण दर मंजूर झाला, भाड्याची मदतही. त्याने फोन करून सांगितलं, थँक्यू म्हणाला. आपल्या पोराने आपल्याला थँक्यू म्हटलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं. मेमध्ये त्याचं होड्यांचं काम सुरू झालं. आता तो रविवारी दुपारी फोन करतो. ओक किती दिवस सुकवायचा, देवदाराला वास कसा येतो, म्हातारा कसा शिव्या घालतो. दहा मिनिटं. ये म्हटलं तर बघतो म्हणतो. आवाजात राग नाही. राग असता तर त्या रागाला तिला हात घालता आला असता.

फिंटनची कामाची पहिली मजुरी झाली त्या आठवड्यात एका सकाळी डर्मटने पेचकस आणला, खुर्चीवर चढला आणि मागच्या दाराची वरची कडी काढून टाकली. कडी खिशात घातली, खुर्ची जागेवर ठेवली.

"काय गं," चादर झटकताना नोरीन म्हणाली, "मॅगी गेराटीच्या मयताला दिसली नाहीस. शाळेत तुझ्या बाकावर होती ना ती?"

"कळलंच नाही."

"कळलं नाही कसं? पाचच्या बातम्यांत तीन दिवस होतं."

इमेल्डाने टोकं जुळवली.

ती आता पाचच्या बातम्या ऐकत नाही. त्या गावात त्या वेळी घरोघर आवाज वाढतो, बाया कढईखालची आच कमी करतात, मुलांना दटावतात. तिच्या स्वयंपाकघरात पाचला पाच कमी असताना ती उठते आणि रेडिओ बंद करते. भांडी तशीच ठेवते. हात फडक्याला पुसते, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, नीट कोरडे होईपर्यंत. मग दाराजवळच्या खुर्चीवर बसते.

समोर डर्मट असतो. कोण गेलं, हे त्यालाही कळत नाही आता. तो विचारत नाही. दाराच्या वरच्या अंगाला कडीच्या जागी स्क्रूची चार आरपार भोकं आहेत, ती त्याने बुजवलेली नाहीत. ऊन असलं की त्यांतून चार बारीक तिरिपा आत येतात आणि तिच्या मांडीवरच्या कोरड्या हातांवर पडतात. साडेपाचला त्या भिंतीवर सरकतात. मग ती उठते आणि नळ सोडते.